गॉटहार्डच्या पोटातून की खांद्यावरून?

झुरिकहून मिलानला निघालेली युरोसिटी गाडी एर्स्टफेल्ड सोडते आणि डोंगरात शिरते. पुढची सुमारे २० मिनिटं खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा दिसत राहतो. गाडी तेव्हा गॉटहार्डच्या पायथ्याच्या बोगद्यात असते. लांबी ५७ किलोमीटर, डोक्यावर काही ठिकाणी २३०० मीटर खडक, आणि आतल्या खडकाचं तापमान ४५ अंशांच्या घरात. जगातला हा सर्वांत लांब रेल्वे बोगदा. या बोगद्यातला सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून फक्त ५४९ मीटरवर आहे. आपलं लोणावळा त्याहून उंच आहे. म्हणजे ‘आल्प्स ओलांडायला’ गेलेला प्रवासी प्रत्यक्षात लोणावळ्याच्याही खालून, अंधारातून, पलीकडे पोचतो. बोदियोला उजेड येतो तोवर आल्प्सचा कणा मागे पडलेला असतो.

‘वेगवान गाडीनं डोंगर बघत एका देशातून दुसऱ्या देशात जायचं’ ही इच्छा आता आपल्याकडेही अनेकांची आहे. स्वित्झर्लंड हे मराठी पर्यटकांचं जुनं आवडतं ठिकाण आणि सहल कंपनीच्या बसऐवजी स्वतः तिकिटं काढून रेल्वेनं फिरणारेही वाढताहेत. पण या इच्छेतल्या दोन गोष्टी, वेग आणि डोंगर, एकमेकींशी भांडतात. हे भांडण समजून घेतल्याशिवाय प्रवास आखायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅरिस, झुरिक, मिलान आणि परत पॅरिस ही फेरी उदाहरणादाखल घेऊ.

भांडणाचं मूळ चढात नाही, वळणात आहे. फ्रान्सची पहिली अतिवेगवान वाहिनी १९८१ साली पॅरिस आणि लिऑनदरम्यान सुरू झाली. तिच्यावर काही ठिकाणी हजार मीटरला ३५ मीटर इतका चढ आहे आणि बोगदा एकही नाही. हलकी, ताकदवान प्रवासी गाडी वेगाच्या जोरावर चढ सहज मारते. पण ताशी ३०० किलोमीटरनं धावणारी गाडी एका सेकंदात ८३ मीटर कापते, आणि तिला वळायचं तर साधारण ४ किलोमीटर त्रिज्येचं ऐसपैस वळण लागतं. बर्गंडीच्या पसरट टेकड्यांमध्ये तशी वळणं बसतात. आल्प्सच्या अरुंद दऱ्यांमध्ये नदी, रस्ता आणि गाव यांनाच जेमतेम जागा मिळते, तिथे ती बसत नाहीत. मग दोनच मार्ग उरतात. वेग सोडून दरीच्या कलानं वळत जायचं, नाहीतर डोंगर पोखरून सरळ जायचं.

म्हणून वेग वापरावा तो सपाटीवर. पॅरिसच्या गार द लिऑन स्थानकातून सुटणारी लिरिया ही तेजेवे, म्हणजे फ्रेंच अतिवेगवान, गाडी काही पट्ट्यांत ताशी ३२० किलोमीटरनं धावत दिजाँ, म्यूलूझ, बाझल करत सुमारे ४ तासांत झुरिकला येते. शेतं, गुरं, चर्चचे मनोरे झपाट्यानं मागे जातात. ते थांबून बघता आलं नाही याची चुटपुट लागत नाही. खरा निर्णय झुरिकला घ्यायचा असतो.

झुरिकहून दक्षिणेला जाताना उजवीकडची खिडकी धरावी. आधी त्सुग सरोवर आणि मग ब्रुनेन ते फ्ल्युएलेन या टप्प्यात ऊरीचं सरोवर, दोन्ही उजव्या हाताला येतात. ऊरीच्या पाण्यापलीकडे र्‍युटलीचं कुरण आहे. तीन प्रांतांनी १२९१ साली तिथे शपथ घेऊन एकी केली, अशी स्विस लोकांची परंपरागत समजूत. एर्स्टफेल्डला मात्र वाटा फुटतात. नवी वाट खाली जाते, जुनी वर.

जुन्या वाटेचं काम १८७२ ते १८८२ असं चाललं. एर्स्टफेल्डची उंची ४७२ मीटर, वरच्या बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या गोशेनेनची ११०६. मधल्या तिसेक किलोमीटरमध्ये सव्वासहाशे मीटरहून जास्त चढायचं आणि चढ हजाराला २७-२८ च्या वर जाऊ द्यायचा नाही, असा तो पेच होता. मराठी वाचकाला हा आकडा ओळखीचा वाटावा, कारण १८६३ साली पुरा झालेल्या बोरघाटातला चढही ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे हजाराला २७ आहे. वाफेच्या इंजिनाची ताकद दोन्ही डोंगरांत सारखीच होती, म्हणून उत्तरही एकाच आकड्याशी येऊन थांबलं. बोरघाटात उलट दिशेनं गाडी काढण्याचं स्थानक करून उंची गाठली होती, आणि कर्जतला आजही गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात. गॉटहार्डच्या अभियंत्यांनी डोंगराच्या आतच गोल फिरणारे बोगदे खोदले. गाडी बोगद्यात शिरते, आत वर्तुळ पुरं करते आणि शिरली त्याच जागेच्या जवळपास, पण बरीच वर, बाहेर पडते. वासेन या गावाचं पांढरं चर्च त्यामुळे तीनदा दिसतं. पहिल्यांदा मान वर करून, मग समोर, मग खाली वाकून. आपण किती चढलो हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी दुसरी खूण मला कुठल्याच रेल्वेमार्गावर माहीत नाही.

गोशेनेन ते आयरोलो हा १५ किलोमीटरचा जुना बोगदा ११५१ मीटरवर आहे. लुई फाव्र या जिनिव्हाच्या कंत्राटदारानं तो घेतला, आणि १८७९ साली बोगद्यातच त्याचा मृत्यू झाला. पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही बाजूंचं खोदकाम एकमेकांना भिडलं, तेव्हा भोकातून पलीकडे सर्वांत आधी गेलं ते त्याचं छायाचित्र. खोदणारे बहुतांश इटालियन मजूर होते. सुरुंगाचा धूर, उष्मा, घाण पाणी आणि आतड्यातले जंत यांनी त्यांचे हाल केले. १८७५ मध्ये गोशेनेनला त्यांनी संप केला, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चौघे मेले. त्या वळणांवरून जाताना हेही ठाऊक असायला हवं.

एवढी सुंदर वाट असताना खालचा बोगदा कशाला, असा प्रश्न मनात येतो. बोगद्यावर रुसण्यात अर्थ नाही. तो पर्यटकांसाठी खोदलेलाच नाही. उत्तर आणि दक्षिण युरोपातली मालवाहतूक आल्प्समधून ट्रकांनी होत होती, आणि धुरानं, आवाजानं त्या दऱ्यांत राहणं कठीण झालं होतं. १९९२ साली स्विस मतदारांनी नव्या आल्प्स रेल्वेला कौल दिला, १९९४ साली परदेशी मालाची ये-जा रस्त्यावरून रुळांवर आणण्याचं कलम राज्यघटनेत घातलं. जड मालगाडीला चढ नको असतो, म्हणून बोगदा पायथ्याशी. २०१६ च्या जूनमध्ये त्याचं उद्घाटन झालं. खोदताना ९ कामगार गेले. डोंगर दिसेनासा झाला, पण डोंगरातली गावं राहण्याजोगी राहावीत म्हणून.

आणि वरची वाट मोडीत निघाली नाही, याचं मोल १० ऑगस्ट २०२३ ला कळलं. एका मालगाडीचं चाक तुटलं, डबे घसरले, बोगद्यातले सुमारे ७ किलोमीटर रूळ निकामी झाले. बोगदा पूर्ववत व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. त्या वर्षभरात बहुतेक प्रवासी गाड्या पुन्हा वासेनच्या चर्चला वळसा घालत गेल्या.

आता मुद्दाम त्या वाटेनं जायचं तर ‘त्रेनो गोत्तार्दो’ या गाडीनं जावं. झ्युडओस्टबान ही कंपनी डिसेंबर २०२० पासून ती चालवते. ती झुरिक किंवा बाझलहून निघून वरच्या वाटेनं लोकार्नोला जाते. मिलानला जाणाऱ्यांनी बेलिन्झोनाला गाडी बदलावी, आणि तीन किल्ल्यांच्या त्या गावात दोन तास काढावेत. वरच्या वाटेला तासभर जास्त लागतो, पण या गाडीला आरक्षण सक्तीचं नाही. अडचण एकच. वेळापत्रकाच्या ॲपवर झुरिक–मिलान घातलं की सर्वांत आधी जलद गाडी, म्हणजे बोगदाच, समोर येतो. ‘मार्गे’ या रकान्यात गोशेनेन लिहिलं की वरच्या वाटेच्या गाड्या दिसतात. उत्तरेला पाऊस आणि आयरोलोला ऊन, असं इथे नेहमी होतं, तेव्हा झुरिकचं आभाळ बघून बेत रद्द करू नये.

ज्यांना गॉटहार्डहूनही उंच जायचं आहे त्यांनी कूरहून बर्निनाची वाट धरावी. १९१० साली पुरी झालेली ही मीटरगेज वाट २२५३ मीटरवर जाते, हजाराला ७० चा चढ दातेरी रुळाशिवाय चढते आणि इटलीतल्या तिरानोला उतरते. तिची वळणं काही जागी ४५ मीटर त्रिज्येची आहेत. वर सांगितलेले ४ किलोमीटर आठवले की वेगाची किंमत कळते. बर्निना एक्सप्रेसच्या मोठ्या काचांच्या डब्यांचं आरक्षण आधी करावं लागतं आणि त्या काचा उघडत नाहीत. त्याच रुळांवर साधी प्रादेशिक गाडीही धावते. तिला आरक्षण लागत नाही, बहुतेकदा खिडकीही उघडता येते. मी साध्या गाडीच्या बाजूनं आहे. दिवाळीची सुटी ऑक्टोबरात आली तर वाटेतल्या एंगाडिन खोऱ्यातली लार्चची झाडं सोनेरी झालेली असतात, ती वेळ चुकवू नये. तिरानोहून मिलानला जाताना उजवीकडे बसावं, कोमो सरोवर त्या बाजूला आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, आणि अर्ज मुक्काम जास्त असेल त्या देशाकडे करायचा असतो. पासपोर्ट सामानात न टाकता जवळ ठेवावा, सीमेवर गाडीत तपासणी होऊ शकते. युरोपची वेळापत्रकं डिसेंबरच्या मध्यावर बदलतात, तेव्हा त्या तारखेपलीकडचा प्रवास आखताना जुन्या वेळा गृहीत धरू नयेत. तेजेवेची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त पडतात, स्वित्झर्लंडमधल्या साध्या तिकिटावर त्या दिवशीची कुठलीही गाडी चालते. म्हणून वेगाच्या टप्प्यांची तिकिटं आधी काढावीत आणि डोंगरातला दिवस मोकळा ठेवावा.

परतीला मिलानहून पॅरिसची गाडी फ्रेज्यूस बोगद्यातून जाते. आपल्या इतिहासाशी या बोगद्याचं नातं आहे. त्याचं काम १८५७ मध्ये सुरू झालं. जर्मां सोमेये या अभियंत्यानं दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रं आणली आणि वेळ वाचवला. बोगदा १८७१ च्या सप्टेंबरात खुला झाला, पण सोमेये दोनच महिन्यांपूर्वी वारला होता. लगेच लंडनहून मुंबईला येणारी टपाल याच वाटेनं येऊ लागली. आल्प्समधून ब्रिंडिसी बंदरापर्यंत रेल्वे, मग जहाजानं सुएझमार्गे मुंबई. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या, अधिकाऱ्यांच्या, विलायतेत शिकणाऱ्यांच्या पत्रांच्या थैल्या या डोंगराखालून येत होत्या.

या वाटेला मिलान ते पॅरिस सुमारे ७ तास लागतात. मधल्या मोरिएन दरीत गाडी जुन्या रुळांवरून, दरीच्या कलानं, सावकाश जाते, आणि अतिवेगवान गाडीत बसून डोंगर दिसण्याचा युरोपातला हा दुर्मीळ टप्पा आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इथे दरड कोसळली आणि वाट ३१ मार्च २०२५ पर्यंत बंद राहिली. मिलानला फ्रेंच गाडी कुठल्या स्थानकातून सुटते आणि इटालियन कुठल्या, हे तिकिटावर नीट बघावं, कारण चेंत्राले आणि पोर्ता गारिबाल्दी ही वेगळी स्थानकं आहेत. निघण्याची वेळ अशी निवडावी की मोरिएनमधला मोदान ते शांबेरी हा टप्पा उजेडात होईल. कारण याच डोंगररांगेखाली ५७.५ किलोमीटरचा नवा पायथा-बोगदा खोदणं सुरू आहे, आणि २०३३ च्या सुमारास तो खुला करण्याचा बेत आहे. तो खुला झाला की पॅरिस–मिलानच्या वेगवान गाड्या मोरिएनच्या वरच्या भागाखालून जातील. ज्यांना ही दरी पूर्ण तेजेवेच्या खिडकीतून बघायची आहे, त्यांनी तिकीट या काही वर्षांतच काढावं.