प्रवासाचा डबा आणि त्यातले पाणी

गौरी-गणपतीच्या दिवसांत मुंबईहून कोकणात निघालेली गाडी महाडला किती वाजता पोहोचेल, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पण वाटेत कोंडी झाली की चार-पाच तासांचे आठ-दहा तास होतात. महाडच्या पुढे वीसेक किलोमीटरवर पोलादपूर आणि मग कशेडी. तिथे आता बोगदा झाला असला, तरी पावसाळ्यातला खोळंबा संपलेला नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तर महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूलच पुरात वाहून गेला. मांडीवर दोन-तीन वर्षांचे मूल असेल, तर डबा किलोमीटर मोजून नव्हे, तास मोजून भरायला हवा. जुलाब-उलट्यांत गेलेले पेलाभर पाणीही एवढ्याशा शरीराच्या मानाने फार असते आणि कोंडीत दवाखाना जवळ नसतो.

अन्न बिघडवणाऱ्या जीवाणूंना खाद्य, ऊब आणि पाणी लागते. खाद्य डब्यात आहेच. ५ ते ६० अंश सेल्सिअस ही ऊब त्यांना मानवते, आणि गाडीतला डबा याच पट्ट्यात असतो. परिस्थिती अगदी अनुकूल असेल तर काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. सहा तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे २,६२,१४४! (हे गणित मुलांकडून फळ्यावर जरूर करून घ्यावे.)

राहिले पाणी. अन्नात पाणी किती, यापेक्षा त्यातले मोकळे किती, हे महत्त्वाचे. साखर, गूळ, मीठ पाण्याला धरून ठेवतात. ते जीवाणूंच्या उपयोगी पडत नाही. या मोकळेपणाचे माप म्हणजे जल-सक्रियता. शुद्ध पाण्याची जल-सक्रियता १. ती ०.९ च्या खाली गेली की बहुतेक जीवाणूंची वाढ थांबते, ०.६ च्या खाली बुरशीही वाढत नाही.

गणपतीचेच उदाहरण घ्या. ओल्या नारळात जवळपास निम्मे पाणी, सुक्या खोबऱ्यात शेकडा सहा-सात भाग. उकडीच्या मोदकातला गूळ सारणाचे बरेच पाणी धरून ठेवतो, पण तांदळाची पारी ओलीच राहते. म्हणून तो त्याच दिवशी खावा. सुक्या खोबऱ्याचा तळणीचा मोदक मात्र चार दिवस टिकतो, कारण तळताना पारीतले पाणी वाफ होऊन जाते. परतीच्या प्रवासात बरोबर न्यायचा तो हा.

मऊ भात मुलाला आवडतो, पण डब्यात तोच सर्वांत फसवा. बॅसिलस सेरियस या जीवाणूची बीजुके शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ती रुजतात. या जीवाणूचे उलट्या करवणारे विष पुन्हा उकळूनही जात नाही. घरून नेलेला भात पहिल्या दोन तासांत संपवावा.

दशमीचे काय? पाण्याचा स्पर्श नाही म्हणून ती प्रवासाला चालते, असे जुनी माणसे म्हणत. पण दुधात शेकडा ८७ भाग पाणीच असते! दशमी मऊ राहते ती दुधातल्या स्निग्धांशामुळे, आणि टिकते ती नीट भाजून गार केल्यामुळे. शेंगदाणे, फुटाणेही टिकतात. मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला ते अख्खे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. त्यांच्या कुटाचा गूळ घालून लाडू करावा.

गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावले, तर सगळी मेहनत वाया. वाफ झाकणाला गार होते, थेंब होऊन वरच्या पोळीवर पडते आणि नेमके तिथे मोकळे पाणी मिळते. वर्गात करून पाहता येईल: एक पोळी गरम असतानाच डब्यात बंद करा, दुसरी फडक्यावर पूर्ण गार करून तशाच डब्यात ठेवा. दोन-तीन दिवस रोज पाहा, वास लांबूनच घ्या, आणि चाखायची नाही हे आधीच बजावून ठेवा.