पान उलटण्याआधीचा चेहरा

जुन्जी इतो यांच्या चित्रकथांमधली सगळ्यात भीतिदायक चौकट कुठली, असं मला विचाराल तर मी कुठल्याही राक्षसाकडे बोट दाखवणार नाही. मी त्याच्या आधीची चौकट दाखवीन. डाव्या पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, एक चेहरा. डोळे विस्फारलेले, तोंड किंचित उघडं. तो जे बघतोय ते आपल्याला अजून दिसलेलं नाही. जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे हा कोपरा म्हणजे जोडपानाचा शेवट. पान उलटलं की अख्खं पान भरून ती गोष्ट समोर येते, आणि पान उलटणारा हात आपलाच असतो.

मी दिवाळी अंकांसाठी टाक-शाईनं चित्रं काढतो. भयकथा हातात आली की भूत ठळक दिसावं, अशी मागणी हमखास असते. इतोंची पानं न्याहाळताना मला पटलं की खरी मेहनत भुताआधी करायची असते. त्यांची घरं, गल्ल्या, शाळेचे गणवेश, जेवणाचं टेबल हे सगळं कमालीचं नीटस आणि साधं असतं. माणसं शांत, थोडी निर्विकार. मग जे अघटित घडतं त्यावर मात्र बारीक रेघांचे थरावर थर चढतात. केस, कातडी, ओलसरपणा, प्रत्येक सुरकुती. ज्यावर विश्वास बसू नये, तेच पानावरचं सगळ्यात खरं दिसतं.

इतोंचा जन्म १९६३चा, जपानमधल्या गिफू प्रांतातला. मोठ्या बहिणी काझुओ उमेझू यांच्या भयकथा वाचत, त्या यांच्याही हाती लहानपणीच पडल्या. जपानी भयमांगाचं बोलताना उमेझूंना वगळताच येत नाही. १९७२ ते ७४ दरम्यान आलेल्या त्यांच्या ‘द ड्रिफ्टिंग क्लासरूम’मध्ये एक प्राथमिक शाळा मुलांसकट उजाड भविष्यकाळात फेकली जाते. २०२४मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी ते गेले. इतो दंततंत्रज्ञ म्हणून नोकरी करत होते. १९८७मध्ये त्यांनी ‘तोमिए’ ही कथा उमेझूंच्या नावानं चालणाऱ्या स्पर्धेला पाठवली. तिला उत्तेजनार्थ दाद मिळाली आणि ‘हॅलोविन’ या मासिकात ती छापली गेली. हे मासिक मुलींसाठी निघे, हे आवर्जून सांगायला हवं. भयकथा म्हणजे पुरुषांचं वाचन, हा समज तिथे टिकत नाही.

तोमिए ही देखणी शाळकरी मुलगी. तिच्या मृत्यूनंतर वर्गातली मुलं आणि शिक्षक मिळून देहाचे तुकडे करून टाकतात. मग एके दिवशी ती वर्गात येते. शाळेतला एक सोबती अपघातात गेला, आणि तो आता कधीच दिसणार नाही हे मनाला पटेना, त्यातून ही कथा सुचली, असं इतोंनी सांगितलं आहे. हे कळल्यावर मला ती कथा दुःखाची वाटू लागली.

१९९८-९९मधली ‘उझुमाकी’ मात्र त्यांची सर्वोत्तम कृती, असं मी ठामपणे म्हणेन. कुरोउझु नावाच्या गावाला भोवऱ्याच्या आकारानं पछाडलेलं असतं. भूत नाही, खुनी नाही. फक्त एक आकार. शुइची या मुलाचे वडील गोगलगाईच्या शंखाकडे तासन्‌तास टक लावून बसतात, आणि शेवटी एका गोल लाकडी पिंपात त्यांचा देह वेटोळं होऊन सापडतो. दहनाचा धूरही गिरक्या घेत गावच्या तळ्याकडे उतरतो. आईला या आकाराची इतकी दहशत बसते की बोटांच्या ठशांत तो दिसतो म्हणून ती बोटांची टोकंच कापते. कानाच्या आतही तसाच एक शंख असतो, हे तिच्यापासून लपवायला मुलगा धडपडतो. ती पानं मी सलग वाचू शकत नाही.

हा आकार या गावालाच का धरतो? इतो सांगत नाहीत. नारायण धारपांच्या कथांवर वाढलेल्या आपल्याला अमंगलाशी लढणाऱ्या समर्थांची सवय असते. अमंगलाला नाव मिळतं, मग त्याच्याशी झुंज देता येते. इथे कारणच नाही, म्हणून उताराही नाही. शुइची आणि त्याची मैत्रीण किरिए कुणाचंही वाईट न करता त्यात सापडतात. भूकंप, रोग हेही माणसाची लायकी बघून येत नाहीत. इतोंची भीती मला या अर्थानं प्रामाणिक वाटते.

२०२४मध्ये ‘उझुमाकी’ची चार भागांची कृष्णधवल ॲनिमेशन मालिका आली. पहिला भाग देखणा आहे. पुढच्या भागांत चित्रांचा दर्जा घसरला याचं मला मनापासून वाईट वाटलं.

नव्या वाचकानं सुरुवात ‘द एनिग्मा ऑफ अमिगारा फॉल्ट’पासून करावी. ‘ग्यो’ या पुस्तकाच्या शेवटी ही छोटी कथा आहे. भूकंपानं डोंगराचा कडा उघडा पडतो आणि त्यात माणसाच्या आकाराची असंख्य भोकं दिसतात. लांबून आलेली माणसं त्यांतलं आपल्या मापाचं भोक ओळखतात आणि कपडे उतरवून आत शिरतात. कुणी ढकलत नाही. इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. लहान मुलांच्या हाती मात्र तो देऊ नये, आणि शेवटचं पान आधी उघडून बघू नये.