सौर पॅनेल आणि उन्हाचा हिशेब
सौर पॅनेलवर छापलेला वॅटचा आकडा, दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि घटांचे तापमान २५ अंश सेल्सिअस, अशा प्रयोगशाळेतील परिस्थितीचा असतो. प्रकाश निम्मा झाला की विद्युत्प्रवाहही जवळजवळ निम्मा होतो, विद्युद्दाब मात्र फारसा ढळत नाही. म्हणूनच अभ्राच्छादित श्रावणातही थोडीफार वीज हाती लागते. उलट वैशाखात, विदर्भातील गच्चीवर प्रकाश मुबलक असूनही, घट साठ अंशांपर्यंत तापतात आणि सिलिकॉनची शक्ती दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.५ टक्के कमी होत असल्यामुळे, छापील आकड्यातून दहा टक्क्यांहून अधिक परस्पर वजा होतात. ही वजावट विक्रेते क्वचितच बोलून दाखवतात. सावलीचा मामला याहून नाजूक: घट एकापुढे एक जोडलेले असल्याने, टाकीची छाया एका कोपऱ्यावर पडली तरी ती सगळी ओळ अडते, आणि बायपास डायोड तिला वगळून उरलेल्या ओळी चालू ठेवतो.