पोटाचं काम, हाताचं काम

धाराशिव जिल्ह्यात चित्रकलेची ओढ असलेल्या मुलाची वाट साधारण ठरलेली असते. शाळेत एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा. पुढे फाउंडेशन किंवा एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका. जमलं तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय, पुण्याचं अभिनव, नाहीतर मुंबईचं जेजे. शिक्षण संपलं की घरचे विचारतात, नोकरीचं काय? कलाशिक्षकाच्या जागा तर आटत चालल्या आहेत. त्यातही कापड, माती, पत्रा, जुने फोटो, कवड्या असं एकत्र आणणाऱ्या मिश्र माध्यमातल्या चित्रकाराची पंचाईत अधिक. निसर्गचित्र कुठे लावायचं हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं; पत्र्यावर ताणलेल्या गोधडीचं काय करायचं, हे त्याला समजावून सांगावं लागतं.

चित्रावरच जगलेल्यांची आयुष्यं तपासली तर एक गोष्ट दिसते. सुरुवातीला पोटाचं काम बहुतेकांनी केलं. त्या कामानं हाताला काय शिकवलं, यावर पुढचं बरंच ठरलं.

मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले. मुंबईत आल्यावर त्यांनी सिनेमाची होर्डिंगं रंगवली, नंतर लाकडी खेळणी आणि फर्निचरची डिझाइनं केली. माणसाहून मोठी आकृती थोडक्या रेषांत उभी करण्याचं त्यांचं बळ पाहिलं की ती होर्डिंगं आठवतातच. प्रभाकर बरवे जेजेतून बाहेर पडून १९६१मध्ये काशीच्या विणकर सेवा केंद्रात रुजू झाले. काम कापडाच्या डिझाइनचं, पण त्या शहरात त्यांना तांत्रिक आकृत्यांची भाषा भेटली. पुढे दारं-खिडक्यांना लावायचा एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला आणि ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत लिहिलं.

अलीकडची दोन उदाहरणं वेगळी आहेत. मुंबई शेअर बाजारासमोरचा बैल घडवणारे भगवान रामपुरे सोलापूरचे. मोठं शहर न गाठताही मोठी कामं मिळवता येतात, हे तुळजापूरहून तासाभरावर सिद्ध झालेलं आहे. पण शिल्पकाराला पुतळ्यांची मागणी असते, मिश्र माध्यमाला ती आयती नसते. म्हणून प्रभाकर पाचपुते यांचं उदाहरण अधिक उपयोगी. जन्म १९८६चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. भोवती कोळशाच्या खाणी. त्यांनी कोळशानंच भिंतीवर चित्रं काढली. भिंतीवरचं चित्र प्रदर्शनाबरोबर पुसलं जातं, विकता येत नाही. तरी त्या चित्रांनी त्यांना कोची, व्हेनिसच्या बिनालेंपर्यंत नेलं आणि २०२१च्या आर्टेस मुंडी या आंतरराष्ट्रीय कला पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. गावचं साहित्य हेच त्यांचं भांडवल ठरलं.

या हिशेबानं धाराशिव गरीब नाही. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं. तिथल्या लामतुरे संग्रहालयात साच्यातून काढलेल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती आहेत, हस्तिदंत आहे, शंखाच्या वस्तू आहेत; उत्तरेश्वराच्या देवळाच्या विटांवर कोरीवकाम आहे. एकाच गावात इतकी माध्यमं, आणि ते संत गोरोबाकाका कुंभारांचंही गाव. तुळजापुरात कवड्यांच्या माळा, परडी, पोत. बाकी जिल्ह्यात काळा दगड, ज्वारीचा कडबा, गोधड्या, दुष्काळात निकामी झालेल्या बोअरचे पाइप. यातलं काहीही मुंबईहून मागवावं लागत नाही.

मात्र साहित्य फुकट मिळालं म्हणून काम टिकतंच असं नाही. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो, कडब्याला वाळवी लागते, लोखंडाचा गंज कापडात उतरतो. घेणारा पहिलं विचारतो ते हेच, किती वर्षं राहील? आम्लरहित कागद, कीडनाशक प्रक्रिया, पत्रा आणि कापड यांच्यामध्ये एखादा थर, आणि कशावर काय चिकटवलं याची लेखी नोंद, हा किमतीचाच भाग मानायला हवा. तसाच पेटीबंद वाहतुकीचा खर्च.

पोटाची कामं इथे आहेत: शाळांच्या बोलक्या भिंती, गणपती, मंडप, देवळांची रंगरंगोटी. फ्लेक्सनं पेंटरची पाटी मात्र गिळली. ही कामं घेताना हात नवं शिकतोय की जुनंच गिरवतोय, हे पाहावं. भिंतीच्या कामातून मोठ्या मापाची सवय मिळते, गणपतीतून साचा कळतो. मजुरी बरी पण शिकायला काहीच नाही, असं काम वर्षातले ठरावीक महिनेच घ्यावं. सोबत सरकारी आधारही आहे. अठरा ते पंचवीस वयाच्या कलावंतांना केंद्राची दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पुढे कनिष्ठ फेलोशिप दरमहा १०,००० आणि चाळिशीनंतर वरिष्ठ २०,००० रुपयांची. अर्ज करणारे आपल्याकडून किती, हा प्रश्न कलाशिक्षकांनी स्वतःला विचारावा.

२०२०मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या जिल्ह्यानं भरवलं. शब्दांसाठी मांडव घालता येतो, तर चित्रांसाठी एखाद्या महाविद्यालयाचा हॉल दरवर्षी महिनाभर मोकळा ठेवणं अवघड नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनाच्या प्रतीक्षायादीत वर्षं काढणाऱ्या चित्रकाराचं काम तोवर कळंब-भूमच्या माणसांनी पाहिलेलं असेल, आणि आपल्याच कडब्या-कवड्यांच्या त्या कामावर त्यांना बोलता येईल. पहिलं गिऱ्हाईक त्यांच्यातूनच मिळण्याची शक्यता मुंबईपेक्षा जास्त आहे.