रक्ताचा कर्करोग आणि नव्या औषधांची कसोटी

रक्ताच्या कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात कधी ना कधी विचारले जाते, की या आजारावरील एका नव्या औषधाची क्लिनिकल ट्रायल, म्हणजे मानवी चाचणी, सुरू आहे. तुम्हाला तीत सहभागी व्हायचे आहे का? या प्रश्नावर नातेवाइकांच्या सहसा दोन प्रतिक्रिया होतात. 'आमच्या माणसावर प्रयोग नकोत', ही पहिली. 'नवे औषध आहे, म्हणजे जुन्यापेक्षा चांगलेच असणार', ही दुसरी. दोन्ही अपुऱ्या आहेत. चाचणी हा अघोरी प्रयोग नव्हे, तशी ती उपचारांची हमीही नव्हे. ज्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनाही ठाऊक नाही, त्याचे उत्तर शिस्तीने शोधण्याची ती पद्धत आहे.

'रक्ताचा कर्करोग' हा एकच आजार नाही. रक्तपेशींचा ल्युकेमिया, लसिका ग्रंथींचा लिम्फोमा आणि अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा मायलोमा असे त्याचे मुख्य गट असून प्रत्येकाचे अनेक उपप्रकार आहेत. कर्करोगावरील औषधांच्या इतिहासात या आजारांचे स्थान वेगळे आहे. पोटातील वा फुप्फुसातील गाठीचा तुकडा वारंवार काढून तपासता येत नाही. रक्ताचा नमुना मात्र पुन्हा पुन्हा घेता येतो. औषध लागू पडते आहे की नाही, हे पेशी मोजून कळते. त्यामुळे कर्करोगावरील औषधोपचारांचे अनेक महत्त्वाचे धडे प्रथम याच रुग्णांकडून मिळाले.

बालरुग्णांपासून सुरुवात

१९४०च्या दशकापर्यंत लहान मुलांमधील तीव्र ल्युकेमिया म्हणजे काही आठवड्यांचे वा महिन्यांचे आयुष्य, असेच समीकरण होते. बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारे अमिनोप्टेरिन हे औषध अशा मुलांना दिले. ते लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाले होते आणि तेथील संशोधनाचे नेतृत्व मूळचे आंध्रचे असलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १६ पैकी १० मुलांमध्ये रोग काही काळ मागे हटला. तो परतला, हेही खरे. परंतु औषधाने ल्युकेमिया मागे हटवता येतो, हे प्रथमच दिसले. पुढील अनेक दशके एकामागून एक चाचण्या होत गेल्या. कोणते औषध कोणत्या औषधाबरोबर, किती मात्रेत आणि किती काळ द्यावे, हे त्यांतून ठरले. आज प्रगत देशांत या प्रकारच्या ल्युकेमियातून सुमारे ९० टक्के मुले वाचतात. हे यश कोणा एका जादुई औषधाचे नाही.

तीन टप्पे, एक गोळी

चाचणीचे टप्पे समजून घेण्यासाठी इमॅटिनिब या औषधाचे उदाहरण सर्वांत बोलके ठरेल. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या आजारात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि एक सदोष प्रथिन तयार होते. हे प्रथिन पांढऱ्या पेशींना अखंड वाढीचा संदेश देत राहते. इमॅटिनिब नेमके तेच प्रथिन बंद पाडते.

पहिल्या टप्प्यात औषध किती गुणकारी आहे, यापेक्षा किती मात्रा सोसते, हे पाहिले जाते. अमेरिकेत डॉ. ब्रायन ड्रुकर यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये ही चाचणी सुरू झाली. इंटरफेरॉनचा उपयोग न झालेल्या वा ते न सोसलेल्या ८३ रुग्णांना, २५ मिलिग्रॅमपासून प्रारंभ करून मात्रा वाढवत १००० मिलिग्रॅमपर्यंत औषध देण्यात आले. ३०० मिलिग्रॅम वा अधिक मात्रा मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. पहिल्या टप्प्यात असे यश अतिशय दुर्मीळ असते. बहुतेक औषधांच्या वाट्याला ते येत नाही, हे रुग्णांनी ध्यानात ठेवायला हवे.

दुसऱ्या टप्प्यात ठरलेली मात्रा अधिक रुग्णांना देऊन परिणाम पाहिला जातो. येथेही आजाराच्या दीर्घकालीन अवस्थेतील रुग्णांना मोठा लाभ झाला. मात्र रोग विकोपाला गेलेल्या अवस्थेत तीच गोळी अनेकांना काही महिन्यांपुरतीच उपयोगी पडली. औषध एकच, आजारही एकच. पण ते कोणत्या अवस्थेत सुरू केले यावर फलित अवलंबून असते, हे या टप्प्यात स्पष्ट झाले.

तिसऱ्या टप्प्यात नव्या उपचारांची तुलना प्रचलित उपचारांशी होते. २००० साली सुरू झालेल्या 'आयरिस' या चाचणीत १६ देशांतील ११०६ रुग्ण होते. निम्म्यांना इमॅटिनिब, तर निम्म्यांना तेव्हाचे सर्वमान्य उपचार, म्हणजे इंटरफेरॉन व सायटाराबिन देण्यात आले. दीड वर्षानंतर सदोष गुणसूत्र अस्थिमज्जेच्या तपासणीत न आढळणाऱ्यांचे प्रमाण इमॅटिनिब गटात ७६ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे १४ टक्के होते. उपचार न सोसणाऱ्यांना वा लागू न पडणाऱ्यांना गट बदलण्याची मुभा होती आणि इंटरफेरॉन गटातील बहुसंख्यांनी ती घेतली. इमॅटिनिब गटातील सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे.

चिठ्ठी कशासाठी?

तिसऱ्या टप्प्यात कोणाला कोणते उपचार मिळणार, हे ना डॉक्टर ठरवतात ना रुग्ण. संगणक जणू चिठ्ठी टाकून ते ठरवतो. 'जीवनमरणाचा प्रश्न असताना चिठ्ठी कसली?' असे कोणालाही वाटेल. परंतु निवड डॉक्टरांवर सोपवली, तर तुलनेने धडधाकट रुग्ण नकळत नव्या औषधाच्या गटात जाण्याचा संभव असतो. मग सुधारणा औषधामुळे झाली की रुग्ण मुळातच बरा होता म्हणून, हे कळणार कसे? शिवाय, कोणते उपचार सरस आहेत याविषयी खरोखरच अनिश्चितता असेल, तेव्हाच अशी चिठ्ठी नैतिक ठरते. गुणकारी उपचार उपलब्ध असताना रुग्णाला केवळ साखरेची गोळी देऊन ठेवता येत नाही. तुलना साधारणतः प्रस्थापित उपचारांशीच होते.

नवे ते चांगलेच, हा समज किती फसवा असू शकतो, हे जेमटुझुमॅब ओझोगॅमायसिन या औषधाने दाखवून दिले. तीव्र मायलॉइड ल्युकेमियावरील या औषधाला अमेरिकेत २००० मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या निष्कर्षांवर त्वरित मंजुरी मिळाली होती. पुढे केमोथेरपीबरोबर ते देऊन तुलना केली असता लाभ दिसला नाहीच, उलट उपचारांच्या प्रारंभी होणारे मृत्यू त्या गटात अधिक आढळले. २०१० मध्ये कंपनीने ते मागे घेतले. नंतरच्या चाचण्यांत कमी मात्रा विभागून दिल्यावर फायदा दिसला आणि २०१७ मध्ये त्याला पुन्हा मंजुरी मिळाली. तुलना झाली नसती, तर त्या औषधाचा अपाय आणि उपयोग दोन्ही झाकलेलेच राहिले असते.

कधी कधी चाचणीमुळे उपचार सौम्यही होतात. अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात केमोथेरपीविना, केवळ आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेले औषध देऊन भागते का, हा प्रश्न इटली आणि जर्मनीतील डॉक्टरांनी तपासला. कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांमध्ये दोन वर्षांनंतर रोग न उलटता हयात असणाऱ्यांचे प्रमाण केमोथेरपीविना ९७ टक्के, तर केमोथेरपीसह ८६ टक्के होते. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, २००६ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने केवळ आर्सेनिकने उपचार केलेल्या ७२ रुग्णांचा अनुभव मांडला होता. महागडे उपचार न परवडणाऱ्या देशासाठी तो मोलाचा होता.

मुंबईतील अनुभव

परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे येथे लागू होतीलच असे नाही. कुपोषण, जंतुसंसर्ग आणि निदानास होणारा विलंब यांमुळे भारतीय रुग्णाचे शरीर तीच औषधे वेगळ्या तऱ्हेने सोसते. १९८०च्या दशकात मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय, दिल्लीची 'एम्स' आणि चेन्नईची कर्करोग संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने मुलांच्या व तरुणांच्या ल्युकेमियासाठी 'एमसीपी-८४१' ही उपचारपद्धती अवलंबली. रोगमुक्त राहणाऱ्यांचे जे प्रमाण पूर्वी सुमारे २० टक्के होते, ते ४० ते ६० टक्क्यांपर्यंत पोहोचले.

अलीकडचे उदाहरण कार-टी सेल उपचारांचे. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, कर्करोगग्रस्त बी-पेशी ओळखता येतील असा जनुकीय बदल त्यांच्यात करून, त्या वाढवून पुन्हा शरीरात सोडल्या जातात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या या उपचारांचा पहिला भारतीय रुग्ण जून २०२१ मध्ये खारघरच्या 'अॅक्ट्रेक' केंद्रात दाखल होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 'नेक्सकार-१९' या नावाने त्यांना मंजुरी दिली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांत मिळून ६४ रुग्ण होते. मूल्यमापन शक्य झालेल्या ५१ पैकी ३७ जणांना, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांना, उपचार लागू पडले. दोन रुग्णांचा मृत्यू उपचारांशी संबंधित होता. हे सारे रुग्ण इतर उपचारांनी गुण न आलेले वा रोग उलटलेले होते. यशाचा आकडा वाचताना मृत्यूचा आकडाही वाचला जावा, यासाठीच असे अहवाल असतात.

रुग्णाचे हक्क

भारतात चाचण्यांविषयी अविश्वास निर्माण झाला, तो निष्कारण नव्हे. चाचण्यांतील मृत्यू आणि भरपाईचा प्रश्न एका जनहित याचिकेद्वारे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ पासून नियम कठोर झाले. आता २०१९ चे 'नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम' लागू आहेत. त्यांनुसार प्रत्येक चाचणीला नोंदणीकृत नैतिकता समितीची पूर्वसंमती लागते. समितीत किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांत वैद्यकेतर सामान्य व्यक्ती, एक महिला आणि एक कायदेतज्ज्ञ असणे बंधनकारक आहे. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरील हवेत. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई, तर मृत्यू झाल्यास वारसांना भरपाई मिळण्याची तरतूद आहे. २००९ पासून चाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करणे सक्तीचे असल्याने कोणालाही ती पाहता येते.

संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेतच असले पाहिजे. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार आवश्यक असतो. सही केल्यानंतरही, कारण न देता, केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

म्हणूनच सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. चाचणी कोणत्या टप्प्याची आहे? सहभाग घेतला नाही, तर कोणते उपचार मिळतील आणि त्यांचे फलित काय? आतापर्यंत किती रुग्णांना हे औषध दिले गेले व काय अपाय झाले? जादा तपासण्या आणि फेऱ्या किती, त्यांचा व प्रवासाचा खर्च कोणाकडे? औषध लागू पडले, तर चाचणी संपल्यावर ते मिळत राहील का? विदर्भ-मराठवाड्यातून परळला येणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने बुडणारा रोजगार आणि मुंबईतील मुक्काम हे प्रश्नही औषधाच्या किमतीइतकेच खरे असतात. संमतिपत्र घरी नेऊन कुटुंबीयांशी वा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी चर्चा करण्यासाठी वेळ मागण्यात काहीही गैर नाही.

पहिल्या टप्प्याच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाला स्वतःला लाभ होईल याची शाश्वती नसते. पुढच्या रुग्णांना होण्याची शक्यता असते. हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे. ते समजून दिलेला होकार हे औदार्य आहे. ते न समजता घेतलेली सही मात्र केवळ कागदावरची संमती ठरते आणि समजून दिलेला नकारही तितकाच आदरणीय असतो.