भरल्या ताटावरून उठवू नका!

मैत्रिणींनो, होडीतून रानपाखरं पाहायला समुद्रच गाठायला हवा असं नाही. कासुर्डीहून सोलापूर रस्त्याने पुढे गेलं, की भिगवणजवळ उजनी धरणाचं पाणी लागतं. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात आणि कुंभारगावचे मच्छीमार आपल्या होडीतून ते दाखवतात.

उथळ पाण्यात चोच उलटी धरून रोहित बारीक जीव आणि शेवाळ गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. म्हणून “दादा, अजून जवळ घ्या ना!” असा आग्रह धरू नका. थवा उडाला की मुलं टाळ्या पिटतात खरी, पण पाखरं मात्र उपाशी उठतात. पाहुण्याला भरल्या ताटावरून आपण कधी उठवतो का?

पहाटेच निघा, दुर्बीण घ्या, आणि लांबूनच डोळे भरून पाहा.