ओढीच्या पाण्यातले पठार

अजिंठ्याची डोंगररांग बुलढाणा जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांत वाटते. दक्षिण उतारावरचे पाणी पैनगंगेतून वर्धा, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जाते. राजूर घाटाखालचे पाणी मात्र नळगंगा, पूर्णा, तापी या वाटेने अरबी समुद्र गाठते आणि सोबत वऱ्हाडची काळी मातीही नेते.

प्रवाळांना ही माती मानवत नाही. गाळ अंगावर बसला की त्यांचे इवले पॉलिप गुदमरतात. गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही, मग प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवालही उपाशी राहते. म्हणूनच नद्यांच्या मुखांपासून दूर, विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात ‘अँग्रिया बँक’ बहरली आहे. नाव अर्थातच कान्होजी आंग्र्यांवरून. सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या या बुडालेल्या पठाराचा सर्वांत उथळ माथाही पाण्याखाली २० मीटरवर आहे.

मालवणला हौशी पर्यटक उथळ पाण्यात डुबकी मारून येतात. अँग्रिया बँकेचा मामला वेगळा. २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागते आणि वर तासभर पुरणारे सिलिंडर वीस मिनिटांत संपते.

त्यात पाण्याची ओढ. पाण्याखालच्या उंचवट्यावर आदळलेला प्रवाह वर चढतो, माथ्यावरून वेगाने सरकतो आणि पलीकडे उतरताना डायव्हरला खाली खेचू शकतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो. त्याच्याशी झुंजणे म्हणजे हवा उधळणे! जाणकार खडकालगत राहतात, कारण तिथे घर्षणाने पाणी मंदावते; आडवे पोहून ओढीबाहेर पडतात. परतताना रक्तातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते. तेवढ्यात प्रवाह त्यांना दूर नेतो, म्हणून हवेने फुगणारी नारिंगी नळी वर सोडतात. बोट ती पाहून मागे येते.

मात्र डायव्हरला दमवणारी हीच ओढ प्रवाळांना जगवते. ती प्लवक आणून देते, साचू पाहणारा गाळ धुऊन नेते. प्लवक खाणारे मासे प्रवाहाकडे तोंड करून एकाच कडेला गर्दी करतात. शिकारी मासेही तिथेच घिरट्या घालतात. अशा जागी अनुभवी डायव्हर सगळ्यांना पाण्यात सोडण्याआधी एकाला उतरवून ओढीची दिशा पाहून घेतात. समोरच्या कडेला उतरले तर मासे भेटतात, मागच्या कडेला खाली दाबणारे पाणी.